माळ्यावरून खेळण्यांची ट्रंक निघाली, आता पुढे काय?

प्रश्न असा आला आहे: "कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं आहे. माळ्यावरून दोन लोखंडी ट्रंका निघाल्या. आईची पितळी भातुकली, मामांची चावीची पत्र्याची मोटार आणि लाल-हिरव्या पट्ट्यांचा मेकॅनो, एक गुळगुळीत डोक्याची बाहुली, माझा व्ह्यू-मास्टर, भावाचे खिळखिळे झालेले जी. आय. जो, मुलाचे बेब्लेड, भाचीची बार्बी (पाठीवर १९६६ छापलंय, म्हणजे साठ वर्षांची का?) असं सगळं एकत्र कोंबलेलं आहे. आई ८१ वर्षांची, मामा ८६. गणपतीत सगळे जमतील तेव्हा कुठलं खेळणं कुणाचं आणि कधीचं हे मांडून ठेवायचं आहे. ओळखायचं कसं, दुरुस्त काय करायचं, आणि विकलं तर काही येतं का?"

ताई, पहिल्यांदा एक काम थांबवा. अशी ट्रंक निघाली की घरातलं कुणीतरी हमखास ओलं फडकं आणि पितांबरी घेऊन बसतं. त्यांना उठवा. वस्तू चकाचक करण्याची घाई नाही, ती नंतर कधीही होईल. घाई आहे ती आई आणि मामांशी बोलण्याची.

माझा हा पिढीजात धंदा. वडील जोतिबाच्या चैत्र यात्रेपासून नरसोबावाडीपर्यंत पाल टाकून पिपाण्या, भिरभिरी, पत्र्याचे टिकटिक बेडूक विकायचे. मी महाद्वार रोडलगतच्या बोळात दुकान घातलं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी मागच्या टेबलावर लोकांची मोडलेली खेळणी जोडतो. जोडायला आलेल्या वस्तूबरोबर माणूस येतो, आणि माणसाला बोलतं केल्याशिवाय मी पेचकस हातात घेत नाही. खेळण्याचं वय खेळण्यावरून निम्मंच कळतं, उरलेलं निम्मं माणसाकडून घ्यावं लागतं.

आता विचारायचं कसं? "आई, तुला लहानपणीचं काय आठवतं?" असं विचारलंत तर "काही नाही गं, आमच्या वेळी कुठली खेळणी" एवढंच उत्तर येईल. वस्तू हातात द्या. फोटो दाखवू नका, वस्तूच द्या, एका वेळी एकच द्या आणि गप्प बसा. आमच्याकडे उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, टर्नर म्हणून नोकरी केलेले एक काका नातवाबरोबर आले होते. नातू बेब्लेड (हल्लीचा प्लॅस्टिकचा भवरा) दाखवत होता, आजोबा नुसती मान हलवत होते. मी काउंटरवरचा लाकडी भवरा आणि जाळी (त्याची दोरी) त्यांच्या हातात दिली. बोलणं सुरू होण्याआधी बोटं सुरू झाली. जाळीचं टोक जिभेला लावून ओलं केलं, आरीपासून (टोकाच्या खिळ्यापासून) पिळत वर आणली, गाठ दोन बोटांच्या मध्ये अडकवली, आणि मग तोंड उघडलं: कुणाचा भवरा फोडला होता, कुणी आर घासून धारदार केली होती, हातजाळी कुणाला येत होती, सगळं नावानिशी. नातवानं हे कधीच ऐकलेलं नव्हतं. काय होतं याच्यापेक्षा "काय करायचीस?" हे विचारा. नुसतं नाव सांगून झालं की गडी थांबतो, खेळ करून दाखवायला लागला की थांबत नाही.

साल मात्र सरळ विचारू नका. कुणालाच साल आठवत नाही आणि विचारलं की माणूस काहीतरी ठोकून देतो. त्याऐवजी सगळ्या गावाच्या लक्षात राहिलेल्या गोष्टींना दोर बांधा. मामांना विचारा, संस्थान विलीन झालं त्याच्या आधीची मोटार की नंतरची? ते १ मार्च १९४९ ला झालं, मामा तेव्हा नऊ वर्षांचे. आईला विचारा, भातुकली घेतली तेव्हा आणे होते की नये पैसे? नये पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, ती तेव्हा बारा वर्षांची. त्यापुढच्या भावंडांसाठी कोयनेचा भूकंप सर्वांत पक्का. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट कोल्हापुरात ज्यांनी अनुभवली, त्यांना आपण कुठल्या घरात, कुणाच्या कुशीत झोपलो होतो हे अजून सांगता येतं. मग बहात्तरचा दुष्काळ, इंदिराबाई गेल्या ते १९८४, २००५ चा पूर. "भूकंप झाला तेव्हा ही बाहुली होती का?" या प्रश्नाला उत्तर मिळतं. "ही बाहुली कोणत्या साली घेतली?" याला मिळत नाही. आणि कुणी घेऊन दिली, कुठून घेतली हेही विचाराच. आपल्याकडे खेळणी वाढदिवसाला येत नसत, यात्रेला येत. जोतिबाचं खेळणं, टेंबलाईच्या यात्रेचं, माहेरवाशीण आत्याने आणलेलं, असंच ते डोक्यात नोंदलेलं असतं.

हे सगळं मोबाइलवर आवाजात टिपून ठेवा. मामा आणि आई समोरासमोर असतील तर फारच चांगलं, कारण ते भांडतील. "ती मोटार माझी होती" यावरून ८६ वर्षांचा माणूस बहिणीशी वाद घालताना मी पाहिला आहे. मिटवायला जाऊ नका. खरी माहिती त्या वादातच बाहेर पडते.

आता वस्तूंकडे येऊ.

खोकी आधी बघा, खेळणी नंतर. खेळण्याचा खोका किंवा आतलं माहितीपत्रक मिळालं तर अर्धं काम झालं. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या आधीची किंवा त्याच सुमाराची. "न. पै." असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधली, कारण १ जून १९६४ पासून "नये" गेलं आणि नुसते पैसे उरले. कंपनीच्या पत्त्यात "मुंबई-२" असा एक-दोन आकडी विभाग असेल तर जुनं. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. इंग्रजीत "बॉम्बे" छापलेलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं. आणि आयएसआय चिन्ह असेल तर बहुतेक अगदी अलीकडचं, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचं झालं.

बार्बीचं मात्र उलटं आहे. पाठीवरचं १९६६ हे त्या धडाच्या साच्याच्या हक्काचं साल आहे, बाहुली बनवल्याचं नव्हे. तोच साचा पुढे कित्येक दशकं चालला, म्हणून १९९० नंतर घेतलेल्या बाहुलीच्या पाठीवरही १९६६ च दिसतं. बाहुली आधी अमेरिकेत १९५९ साली आली. तुमची बाहुली भाचीच्या वयाचीच धरा. निराश होऊ नका, हा प्रश्न घेऊन येणारे बरेच असतात आणि त्यातले निम्मे आधीच ऑनलाइन किंमत बघून आलेले असतात.

मेकॅनोचा, म्हणजे भोकांच्या पट्ट्या स्क्रूने जोडून यंत्रं करायच्या खेळाचा, रंग खूप काही सांगतो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली याचं पेटंट घेतलं, मेकॅनो हे नाव १९०७ पासूनचं. रंग येण्याआधीच्या पट्ट्या निकेलचा मुलामा दिलेल्या, चकचकीत असत. लाल-हिरवा रंग विसाच्या दशकात आला, १९३४ पासून निळा-सोनेरी झाला आणि युद्ध संपल्यावर १९४५ पासून पुन्हा लाल-हिरवा. मामांचा जन्म १९४० चा, म्हणजे हा संच त्यांच्यासाठी नवा घेतला असेल तर तो युद्धानंतरचाच. पण घरात त्यांच्याआधी कुणी मोठं, थोरला भाऊ किंवा चुलता, खेळत होतं का ते विचारा. तसं असेल तर तो विसाच्या-तिसाच्या दशकातला निघू शकतो आणि मग गोष्टच वेगळी. स्क्रू कमी पडले असतील तर एक सांगतो: यात ५/३२ इंची व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी मापाचे) आटे आहेत. बाजारात मिळणारा चार मिलिमीटरचा स्क्रू डोळ्याला तसाच दिसतो, दीड-दोन आटे जातो आणि अडकतो. जोर लावलात की पितळी नटाचा आटा गेला. उद्यमनगरात जुन्या व्हिटवर्थच्या टॅप-डाया (आटे पाडायची हत्यारं) अजून कुणाकुणाच्या कपाटात आहेत, विचारलंत तर एखादा हौसेने करून देईल. पट्ट्यांना मात्र रंग देऊ नका. गंज लागला तिथे कोरडा ब्रश आणि शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब एवढंच.

पत्र्याची मोटार पालथी करून भिंगातून बघा. तळाशी बारीक अक्षरांत "मेड इन ऑक्युपाइड जपान" दिसलं तर ती १९४७ ते १९५२ च्या मधली, जपान अमेरिकेच्या ताब्यात असतानाची. जर्मनी लिहिलेलं असेल आणि मामांच्या आधीच्या पिढीची असेल तर आणखी मोलाची. काहीच लिहिलेलं नसेल तर पत्र्याच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. पुष्कळदा तिथे तेलाच्या किंवा बिस्किटांच्या डब्याची उलटी छपाई दिसते. म्हणजे ती इथल्याच कारागिराने डब्याचा पत्रा उलटा करून बनवलेली. अशा वस्तूला बाजारात भाव नसतो, पण मला स्वतःला जर्मन मोटारीपेक्षा ती जास्त आवडते. चावी असेल तरी ती पूर्ण पिळू नका. जुनी स्प्रिंग अर्ध्या फेऱ्यात चालली तर चालली. खोबरेल तेल अजिबात घालायचं नाही, थंडीत गोठतं आणि एरवी चिकट होऊन धूळ धरतं.

आता बाहुली. गुळगुळीत डोक्याची म्हणता, पण नीट बघा. डोक्यावर सुईने पाडल्यासारखी छिद्रांची रांग असेल तर तिला केस शिवलेले होते आणि ते झडलेत. अशी मऊ डोक्याची बाहुली पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतरचीच. छिद्रं नसतील, केस साच्यातच उठवलेले आणि वरून रंगवलेले असतील, वजनाला अगदी हलकी असेल आणि दाबलं तर कडकड आवाज करत असेल, तर ती कचकड्याची (सेल्युलॉइडची). जपानी कचकड्याच्या बाहुल्या आपल्याकडे युद्धाच्या आधीपासून येत होत्या, त्यामुळे ती आईचीच काय, आजीचीही असू शकते. खात्री करायची तर अंगठ्याने पाठ जोरात घासून लगेच वास घ्या. कापराचा वास आला की कचकडं. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कचकडं क्षणात पेट घेतं. देवघराजवळ, दिव्याजवळ, गॅसजवळ ती ठेवायची नाही. आणखी एक, जुनं होताना कचकड्यातून आम्लाची वाफ सुटते. बंद ट्रंकेत ती भातुकलीला आणि मोटारीला गंजवते. बाहुली आजच वेगळी काढा आणि हवा खेळेल अशा कागदी खोक्यात ठेवा.

याच्या उलट मऊ प्लॅस्टिकची बाहुली. अंगाला चिकट लागत असेल तर आतलं मऊपणा आणणारं द्रव्य बाहेर येतंय असं समजा. तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका आणि कडक प्लॅस्टिकच्या खेळण्याला टेकवून ठेवू नका, ते वितळल्यासारखं होतं. आणि ट्रंकेत आईने टाकलेल्या डांबरगोळ्या असतील तर त्या काढा. कपड्यांना चालतात, प्लॅस्टिकचं त्या वाटोळं करतात.

भातुकलीवर जरा रेंगाळतो, कारण त्यात तुमच्या आईचं बालपण सगळ्यात जास्त आहे. भातुकली ही स्वयंपाकघराच्या मागून चालते. चूल, शेगडी, बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा, जातं, ओगराळं, रोवळी असेल तर जुनी. वातीचा किंवा पंपाचा स्टोव्ह आला की पुढची पिढी. गॅसची शेगडी, मिक्सर आला की तुमची. धातूही तसाच बदलला: पितळ-तांबं, मग जर्मनची (अॅल्युमिनियमची) भांडी, मग स्टील, शेवटी लाल-पिवळं प्लॅस्टिक. ट्रंकेतली भांडी या क्रमाने लावा आणि आईला बघू द्या, कुठलं तिचं आणि कुठलं धाकट्या बहिणीचं ती बरोबर उचलेल. पितळी तपेलीचा तळ हातावर फिरवून बघा. ठोक्यांच्या बारीक खुणा लागल्या तर तांबटाने हाताने घडवलेली. आतून पांढरट असेल तर कलई आहे, तिथे राख किंवा चिंच चोळलीत तर ती निघून जाईल आणि परत त्या मापात कलई करून देणारा शोधत फिराल. बाहेरून चिंचेने घासायचंच असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवून, कोरडं करून मगच ठेवा, चिंच राहिली तर हिरवे डाग येतात. दगडी पाटा-वरवंटा असेल तर नुसता ब्रश. त्याच्या खळग्यात अजून गुळाचा अंश अडकलेला मी पाहिला आहे. खोटाखोटा स्वयंपाक आपल्याकडे फार झाला नाही. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, दुपारी मोठी माणसं झोपली की खरी पंगत.

सावंतवाडीची लाकडी फळं किंवा रंगवलेली चपटी ठकी (लाकडी बाहुली) निघाली तर पाणी लावू नका. जलरंगावर नुसतं रोगण असतं, ओल लागली की पापुद्रा सुटतो. लाकडाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर कीड जिवंत आहे. रंग नसलेली वस्तू असेल तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर घरातल्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. रंगवलेली असेल तर बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

तुमचा व्ह्यू-मास्टर, म्हणजे डोळ्यांना लावून चकतीवरची चित्रं बघायचं खेळणं, मूळचा १९३९ चा अमेरिकन शोध. आपल्याकडचे मुंबईच्या पटेल इंडियाचे. चकतीत चौदा चित्रं, दोन डोळ्यांसाठी सात जोड्या. चकत्या प्रकाशात धरा. निळं आकाश अजून निळं असेल तर जुनी चांगली फिल्म, सगळं लालसर-गुलाबी पडलं असेल तर सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची किंवा त्यानंतरची. गंमत म्हणजे नवी खराब झाली आणि जुनी टिकली. याला इलाज नाही, पण आहे तशी मोबाइलने टिपून ठेवा.

भावाचे जी. आय. जो तुटलेले नाहीत, त्यांचं रबर गेलं आहे. मद्रासच्या फनस्कूलने (१९८७ ची कंपनी) ते इथे बनवले. छाती आणि कंबर यांना एक काळी रबरी कडी जोडते, पायांच्या मधला धातूचा आकडा तिच्यात अडकतो. वीस-तीस वर्षांत ती कडी वाळते, आणि मग सैनिक दोन तुकड्यांत. पाठीवरचा एकच स्क्रू काढा, जुन्या कडीचे तुकडे जपून घ्या आणि ऑइल सील-ओ रिंगच्या दुकानात नेऊन त्याच मापाची नवी घ्या. चार-आठ रुपयांचं काम. कडी घालताना आकडा अलगद फिरवून अडकवायचा, हिसका द्यायचा नाही. आणि बंदूक हातात द्यायच्या आधी हात कोमट पाण्यात धरून मऊ करा. यांचा अंगठा जगभर तुटतो, तुमच्याकडेही तुटेल. बेब्लेडवर मी फार बोलणार नाही. जपानात १९९९ ला आलं, इथे कार्टूनबरोबर पसरलं, तुमच्या मुलाला ते अजून पुरतं आठवतंय. फक्त गणपतीत ते आणि मामांचा भवरा एकाच परातीत सोडा, बाकी आपोआप होईल.

सेलवर चालणारं एखादं खेळणं असेलच, आणि त्यात फुटलेले सेल. इंटरनेटवर सगळीकडे व्हिनेगर लावायला सांगतात. तो सल्ला अल्कलाइन सेलचा आहे. आपल्याकडे जुन्या खेळण्यांत बहुतेक साधे झिंक-कार्बनचे सेल असत, त्यांची गळती मुळात आम्लाची असते, वर व्हिनेगर म्हणजे आगीत तेल. तिथे खायच्या सोड्याची पातळ पेस्ट जुन्या दातघाशीने लावा, ओल्या कापसाने पुसा, कोरडं करा. सेलवर "अल्कलाइन" लिहिलेलं असेल तरच व्हिनेगर.

एवढं सगळं ट्रंकेत आहे. पण ट्रंकेत नाही ते जास्त होतं, आणि मांडणी करताना लोक नेमकं तेच विसरतात. ट्रंकेत जातं ते विकत घेतलेलं आणि बहुधा जपून वापरलेलं. ज्याच्यावर खरं बालपण गेलं ते मोडलं, विरघळलं किंवा भंगारात गेलं. बेंदराचे मातीचे बैल घ्या. कुंभार गल्लीतून आणायचे, पुजायचे, दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या ताब्यात. शिंग मोडलं की बैलाची म्हैस व्हायची. कच्च्या मातीचे, म्हणून एकही शिल्लक नाही, आणि ज्यांनी जपले होते त्यांचे पुराने नेले. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मात्र कधीकधी सापडतात. पायाशी टवका उडाला असेल तर रंग बघा: आत काळपट किंवा करडी माती असेल तर जुना, पांढरंशुभ्र असेल तर प्लॅस्टर, म्हणजे त्यानंतरचा. त्यांना ओलं फडकं नकोच.

आणि बेअरिंगचा गाडा! हा कोल्हापूरच्या पोरांचा खास माल, कारण उद्यमनगर शेजारी. गॅरेजच्या दारात उभं राहून "काका, एक बेअरिंग द्या की" म्हणायचं, झिजलेलं, खडखडणारं का होईना. मागे दोन, पुढे एक. मागची दोन आडव्या दांड्याच्या टोकांना ठोकून बसवलेली, पुढचं एका छोट्या आडव्या फळीत, ती फळी मधोमध एका बोल्टवर फिरती, तिच्या दोन टोकांना सुतळी, तीच स्टिअरिंग. पंचगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सोडला की आवाज आधी आणि गाडा नंतर. ब्रेक म्हणजे चप्पल. मामा शुक्रवार पेठेतले, त्यांना गुडघ्यावरची खूण दाखवायला सांगा. सायकलचा टायर, सिगारेटच्या पाकिटांचे आणि काड्यापेटीच्या छापांचे डाव, चिंचोके, सागरगोटे, गल खणून खेळलेल्या गोट्या: यांतलं आज काहीही पाच मिनिटांत करता येतं. मांडणीत एक कोपरा या नसलेल्या खेळण्यांना ठेवा. एक पाटी, आणि त्यावर नियम कुणी सांगितले त्याचं नाव. माझ्या अनुभवात गर्दी तिथेच होते, मेकॅनोपाशी नाही.

प्रत्येक वस्तूला चिकटपट्टी लावू नका, ती रंग घेऊन निघते. सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा, पेन्सिलने लिहा: कुणाचं, कुणी दिलं, कुठून, अंदाजे केव्हा, कोण म्हणालं. शेवटचं महत्त्वाचं, कारण आई एक सांगेल आणि मामा दुसरं. दोन्ही लिहा.

गणपतीत लहान मुलं येतील, म्हणून हे सांगतोच. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत ते दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला, तुमच्या ट्रंकेतलं जवळजवळ सगळं त्याच्या आधीचं. रंगवलेलं लाकूड, रंगवलेला पत्रा, शिशाचे सैनिक हे तोंडात घालणाऱ्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका. बेअरिंगचा गाडा खुशाल द्या, गुडघ्याची जबाबदारी तुमची.

विकण्याचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो. भाव येतो तो मूळ खोक्यासकट असलेल्या, न रंगवलेल्या, पूर्ण वस्तूला. तुमच्यात मेकॅनो आणि तळावर नाव असलं तर मोटार, एवढंच. खेळून झिजलेल्या बाकीच्या वस्तूंना संग्राहक फारसं काही देत नाहीत. भातुकलीचं तर दुकानदार वजन करेल आणि मोडीचा भाव सांगेल. त्याला दारातूनच परत पाठवा. विकायचंच असेल तर आधी सगळ्या भावंडांना विचारा. खेळण्यांच्या वाटण्या जमिनीच्या वाटण्यांपेक्षा चिघळतात हे मी टेबलामागे बसून पुष्कळ पाहिलं आहे.

आणि पाडकाम सुरू व्हायच्या आधी तो माळा एकदा मऊ झाडूने झाडून तो कचरा गव्हाच्या चाळणीतून चाळून घ्या. मेकॅनोचे स्क्रू, मोटारीची चावी, जी. आय. जोचे अंगठे, बोटाएवढं लाटणं, सागरगोटे ट्रंकेच्या गंजलेल्या बुडातून खाली पडलेले असतात. मोटारीची चावी नाहीच सापडली तर मोटार घेऊन या, खाच मोजून करून देतो.